सात सीटांची गाडी

“मागं दोघी बसल्या का नीट?” आप्पांनी मान न वळवता विचारलं.

“बसलोय,” तिसऱ्या ओळीतून आईचा आवाज आला. “उठता येतंय का, ते आता बघायचं.”

“उठायचं कशाला? शिखरजीपतूर बसायचंच हाय.”

“भावजी, माझं गुडघं हनुवटीला लागाल्यात,” काकू म्हणाली आणि स्वतःच हसली. माझी ही काकू धाकट्या काकांच्या माघारी आमच्यातच राहायची आणि कुठल्याही अडचणीत पहिल्यांदा हसून घ्यायची.

मधल्या ओळीत माझी बायको त्रिशला आणि आमच्या दोन मुली, नऊ वर्षांची चंदना आणि सहा वर्षांची समता. पुढे माझे वडील, आप्पा. आणि स्टिअरिंगवर मी. सात सीटा, सात माणसं. टपावर कॅरियरला शेगडी, पिठाचा डबा, गाळलेल्या पाण्याचे दोन कॅन आणि भांड्यांचं पोतं बांधलेलं. जयसिंगपुरातल्या आमच्या गल्लीत लोक दारात येऊन बघत होते. कुणाला वाटलं असेल, मगदुमांच्यातली सगळी गाव सोडून निघाली. आम्ही फक्त गाडी कशी आहे ते बघायला चाललो होतो.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आप्पांनी आईला झारखंडातल्या सम्मेद शिखरजीची यात्रा कबूल केली होती, दिवाळीनंतर, घरच्या गाडीनं. जाऊन-येऊन साडेतीन हजार किलोमीटरच्या वर. आमची जुनी गाडी पाच जणांची. तेव्हा मोठी घ्यायची ठरली, आणि कुठली घ्यायची हे ठरवायचं काम आप्पांनी स्वतःकडे घेतलं. साखर कारखान्यात वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस. उसाच्या ट्रॉलीकडं नुसतं बघून वजन सांगायचे. शोरूममध्ये पाऊल टाकायला ते तयार नव्हते. “शोरूमातली गाडी उभीच चांगली दिसत्या,” म्हणायचे. मग ज्या पाहुण्याकडे ती गाडी असेल त्याच्याकडून एक दिवस मागून आणायची, सगळ्यांना आपापल्या जागी बसवायचं, यात्रेचं सामान चढवायचं आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरवून बघायची, अशी त्यांची पद्धत. आम्ही जैन, बाहेरचं खात नाही, सूर्य मावळल्यावर तर काहीच नाही, त्यामुळे स्वयंपाकघर बरोबर न्यावं लागतं. सामान चढवल्याशिवाय गाडी कळत नाही हे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

आधीच्या दोन गाड्या त्यांनी नापास केल्या होत्या. पहिली सगळ्यांना आवडली होती. आप्पा पुढच्या सीटवर बसले, उजवा हात इकडे-तिकडे फिरवला आणि म्हणाले, “मधी लई रुंद हाय.” दुसरीला म्हणाले, “माझी सीट मागं पडत्या.” आईनं कपाळाला हात लावला. “तुम्हाला नव्या घराला सुद्धा खोड काढायची सवय,” ती म्हणाली. मी मात्र मनातल्या मनात प्रत्येक नापास गाडीबरोबर सुटकेचा श्वास टाकत होतो. गाडी पसंत पडली नाही तर यात्रा लांबेल, यात्रा लांबली तर मला सांगावं लागणार नाही.

काय सांगायचं होतं ते आता लिहून टाकतो. मला गाडी चालवताना झोप लागत होती.

आदल्या वर्षी आम्ही जुन्या गाडीतून श्रवणबेळगोळला गेलो होतो. परत येताना कित्तूरजवळ, भर दुपारी दोन वाजता, माझे डोळे मिटले. किती वेळ ते माहीत नाही. चाकं खडीवर गेल्याच्या आवाजानं उघडले तेव्हा समोर उभ्या ट्रकचा मागचा फाळका होता आणि गाडी त्याच्या बाजूनं निसटून जात होती. हातभर अंतर. मी चमकून सगळ्यांकडे बघितलं. आई झोपलेली, त्रिशला झोपलेली, दोन्ही मुली तिच्या मांडीवर. आप्पांचे डोळेही मिटलेले. पुढच्या दहा मिनिटांत माझा शर्ट घामानं भिजला. कुणालाच काही कळलं नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

ते एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. पण त्यानंतर मी माझ्या पाइप आणि पंपांच्या दुकानात गिऱ्हाईक बोलत असताना झोपलो. रेल्वे फाटकात मोटरसायकल चालू ठेवून झोपलो. मागच्यानं हॉर्न वाजवून उठवलं आणि वर शिवी दिली. पुढे मिरजेच्या डॉक्टरांनी या प्रकाराचं नाव सांगितलं, रात्री श्वास अडकतो म्हणून दिवसा असं होतं, उपाय आहे, वगैरे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की मी सदतीस वर्षांचा धडधाकट माणूस आहे, आणि माझ्या घरात गाडी चालवणारा मी एकटा आहे.

आणि आप्पा सगळ्या पाहुण्यांत सांगत सुटले होते. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात, एकच. “श्रेणिक चालवतोय म्हणजे डोळं मिटून बसायचं.” हे वाक्य ऐकलं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचो.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. ड्रायव्हर ठेवू या म्हणालो. आप्पा म्हणाले, “सात माणसं, सात सीटा. ड्रायव्हर कुठं बसवतोस, टपावर?” काकू म्हणाली, “तू असताना भाड्याचा माणूस? लोक काय म्हणतील!” रेल्वेनं जाऊ या म्हणालो. आप्पा म्हणाले, “रेल्वेत चूल कुठं पेटवणार?” एकदा त्रिशलाला सांगायला तोंड उघडलं, तर तीच आधी म्हणाली, “तुम्ही चालवणार म्हणून माझे आई-बाबा निर्धास्त आहेत हो, नाहीतर एवढ्या लांब मुलींना पाठवू नका म्हणाले असते.” मी तोंड मिटलं. भित्रा माणूस होतो मी. आज मागे वळून बघताना दुसरा शब्द सापडत नाही.

तर ही तिसरी गाडी. माझ्या बहिणीचे, पद्मजाचे सासरे, शिरोळचे चौगुले, यांची. म्हणजे आप्पांचे व्याही. किल्ली देताना ते म्हणाले होते, “दुसऱ्या कुणाला दिली नसती. श्रेणिक चालवणार म्हणजे काळजी न्हाई.” आप्पांची छाती दोन इंच फुगली.

दहा वाजता जेवण उरकून आम्ही निघालो. निपाणीच्या पुढे स्तवनिधीला जायचं, दर्शन घ्यायचं आणि परत. जाताना मला काही झालं नाही. आप्पा अखंड बोलत होते. हे वर्षभर चाललं होतं. पूर्वी गाडीत बसले की पाच मिनिटांत घोरायला लागणारा हा माणूस हल्ली सांगलीला जाईपर्यंतसुद्धा माझं डोकं खायचा. दुकानात आज कोण आलं, मोटार कुणाची जळली, कुठल्या कंपनीचा पंप चांगला. वयानं बडबड वाढली असं मी धरून चाललो होतो, आणि कधीकधी वसकन अंगावरही जायचो.

स्तवनिधीत आईनं देवासमोर पाच मिनिटं डोळे मिटले. बाहेर येताना माझा दंड धरून म्हणाली, “शिखरजीचं दर्शन झालं की मी काय बी मागणार न्हाई बघ. गुडघं चालतात तोवर ने.”

“नेतो की,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

परतीला दीड वाजला. ऑक्टोबरचं ऊन. निपाणी मागे पडली, हायवे सरळ झाला, आणि गाडी इतकी गुळगुळीत चालत होती की मला तिचा राग आला. जुनी गाडी निदान खडखडायची. एसी थंड, काचा बंद. मागे एकेक आवाज कमी होत गेला. आधी मुली, मग आई, मग काकू. आरशात बघितलं तर त्रिशलाचं डोकं काचेला टेकलेलं. मी काच खाली केली.

“धूळ येत्या,” मागून काकू झोपेतच म्हणाली. मी काच वर केली.

दाताखाली लवंग धरली. डाव्या हातानं मांडीला चिमटे काढले. पापण्यांच्या आतून ते वजन यायला लागलं होतं आणि मला ते ओळखीचं होतं. गाडी थांबवावी, खाली उतरावं, म्हणावं की मला जमत नाही. ते तीन शब्द तोंडात तयार होते. मागे माझी आई, माझ्या मुली, आणि मी त्या तीन शब्दांसाठी कागलपर्यंत मुदत मागत होतो. कागल आलं की थांबू. कागल आलं की सांगू.

“एक इंची पाइपचा काय भाव चाललाय?” आप्पांनी विचारलं.

“मघाशी सांगितला की.”

“आन दीड इंचीचा?”

“आप्पा, जरा गप्प बसा ना.”

“सांग की. दीड इंचीचा?”

मी सांगायला लागलो. आकडा तोंडातून बाहेर पडल्याचं आठवतं. त्यानंतरचं आठवत नाही.

खडीचा आवाज. तोच. डोळे उघडले तेव्हा स्टिअरिंगवर माझ्या दोन हातांच्या मधे तिसरा हात होता. काळे डाग पडलेला, करंगळीशेजारच्या बोटात अंगठी. त्या हातानं स्टिअरिंग घट्ट धरून उजवीकडे घेतलं होतं आणि गाडी खडीवरून पुन्हा डांबरावर चढत होती. डावीकडून मैलाचा दगड निघून गेला.

मी ब्रेक लावला. गाडी कडेला उभी राहिली. शेजारून एक टँकर गेला तशी ती हलली.

आप्पांनी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. ना घाबरलेले, ना चिडलेले. रोजचं काम केल्यासारखे बसले होते.

मी विचारलं, “कित्तूरजवळ... तेव्हाही?”

“व्हय.”

“तुम्ही झोपला होता. मी बघितलं होतं.”

“तू बघाय लागलास तवा मिटलं डोळं. तुला लाज वाटू नये म्हणून.”

“म्हणजे मी वळवली नव्हती गाडी.”

“न्हाई.”

वर्षभर मी एवढ्या एका गोष्टीवर उभा होतो. झोप लागली खरी, पण वेळेवर माझ्या हातांनी सांभाळलं. तेही माझं नव्हतं.

“त्या दिवसापासून,” आप्पा हळू आवाजात म्हणाले, “तुझ्या शेजारी बसून एकदा बी डोळा लावला न्हाई मी.”

“आणि त्या दोन गाड्या? रुंद आहे, सीट मागं आहे...”

“पहिलीत हात पोचत नव्हता. दुसरीत वाकावं लागत हुतं, तेवढा येळ कोण देतंय? ह्या गाडीत बसल्या जागेवरनं पोचतोय.” त्यांनी हात पुढे करून दाखवला, बोटं स्टिअरिंगला टेकली. “ही घेऊ या. चांगली हाय.”

मला हसू आलं, आणि हसता हसता संताप आला.

“सात माणसं घेऊन एवढ्या लांब जायचं, तुमच्या एका हाताच्या भरवशावर? तुमचं वय काय? तुम्हाला डुलकी लागली तर?”

“सीझनला काट्यावर तीन-तीन रात्री जागलोय मी.”

“मला बोलला का नाही?”

आप्पा काचेतून बाहेर बघत राहिले. “तू सांगशील म्हणून थांबलो. रोज वाटायचं, आज सांगंल. आपणहून पोराला कसं म्हणायचं, तुझा भरवसा राहिला न्हाई म्हणून? समद्या पावण्यात सांगून बसलोय. आन तुझ्या आईला शबूद दिलाय.”

“दार उघडा.”

त्रिशला. ती केव्हा जागी झाली, किती ऐकलं, माहीत नाही. सगळंच ऐकलं असावं. तिचा चेहरा मी आरशात बघितला आणि नजर खाली घेतली.

“त्रिशला, ऐक...”

“मुलींच्या बाजूचं दार उघडा म्हणतेय. लॉक काढा.”

मी लॉक काढलं. तिनं दोन्ही मुलींना उठवून कडेच्या गवतात उतरवलं, त्यांच्या चपला घातल्या, आणि मग माझ्या खिडकीशी आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तुम्ही त्यांचा मान राखत होता, ते तुमचा मान राखत होते,” ती म्हणाली. “एक वर्ष. आणि माझ्या मुली मागं झोपल्या होत्या. मला सांगावं असं दोघांतल्या एकालाही वाटलं नाही.”

“सूनबाई...” आप्पा म्हणाले.

“आप्पा, तुमच्याशी मी आज बोलत नाही. उद्या बोलेन.” ती वळली. “पुढं फाट्यावर एसटी थांबते. आम्ही त्यानं जातो.”

तेवढ्यात मागून आई म्हणाली, “मला बी उतरव गं.”

एकेचाळीस वर्षांच्या संसारात आईनं आप्पांना सोडून चारचौघांत दुसऱ्याची बाजू घेतलेली मी पाहिली नव्हती. आप्पा गर्रकन वळले. “तू कुठं चाललीस?”

“घरला.”

“अगं, तुझ्यासाठीच चाललंय समदं. शिखरजी...”

“पोराचा जीव टांगून मला कुठला देव बघायचाय?” आई म्हणाली. “मला विचारलं हुतं का एकानं तरी? ही सीट पाड गं त्रिशला, मला निघता येईना.”

मधली सीट पाडायची खटकी त्रिशलाला सापडेना. मी उतरलो, पाडली, आईला हात दिला. तिनं हात घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मागोमाग काकू उतरली. “मी एकटी मागं काय करू?” ती म्हणाली, आणि या वेळी ती हसली नाही.

पाच जणी रस्त्याच्या कडेनं ओळीनं चालत गेल्या. फाटा दिसत होता. वीसेक मिनिटांनी एसटी आली. पहिल्या पायरीवर आईचा गुडघा अडकला, त्रिशलानं मागून आधार देऊन तिला चढवलं. समतानं आमच्याकडे बघून हात हलवला. एसटी गेली.

सात सीटांच्या गाडीत आम्ही दोघं. मी पुन्हा स्टिअरिंगवर बसलो होतो, सवयीनं. गाडी चालू केली नाही. करणार नव्हतोच. आप्पा आयुष्यात गाडी शिकले नाहीत. आता ही गाडी इथून हलवणार कोण?

“चौगुल्यांना फोन करावा लागंल,” आप्पा म्हणाले.

माझ्या डोक्यात लगेच एक सोय तयार झाली. “गाडी बंद पडली म्हणून सांगा. चालू होत नाही म्हणा. माणूस पाठवतील.”

आप्पांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा वर केला, नंबर शोधला. मग थांबून म्हणाले, “लोकाच्या चांगल्या गाडीला नाव ठेवू?”

“मग तब्येत बिघडली म्हणा माझी. पोट.”

त्यांनी फोन लावला आणि कानाला धरला. मी खिडकीबाहेर बघत बसलो. उसाच्या फडाला तुरे आले होते. पलीकडे रिंग होत असल्याचं ऐकू येत होतं.

“जय जिनेंद्र, पावणं,” आप्पा म्हणाले. “व्हय, झालं दर्शन... गाडी झकास हाय. गाडीला काय झालं न्हाई. ऐका. आमच्या श्रेणिकला गाडी चालवताना झोप लागत्या.”

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

“आज बी लागली. गेल्या साली बी लागली हुती... न्हाई न्हाई, चेष्टा कशाला करू? माझ्याच श्रेणिकला. मला ठावं हुतं. तरी मी समद्यांना त्येच्या गाडीत बसवलं, तुम्हाला बी अभिमानानं सांगितलं. चूक माझी हाय. कागलच्या अलीकडं उभं हाय आम्ही. कुणाला तरी धाडा.”

फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. मला रडू आलं. लाजेनं आलं असं मला आधी वाटलं, पण ते लाजेचं नव्हतं. पाहुण्यात आता कुणी मला स्टिअरिंगवर बस म्हणणार नव्हतं. मी सुटलो होतो.

“सोमवारी डॉक्टरला दाखवू,” आप्पा म्हणाले. “मी येतो संगं.”

“हो.”

“माणूस यायला तास-दीड तास लागंल.”

“हो.”

मी दोन्ही बाजूंच्या काचा खाली केल्या. वारा आला. त्रिशलाला काय सांगायचं, आईला काय सांगायचं, याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत होतो. सांगण्यासारखं खरं तर काही उरलं नव्हतं, ऐकायचंच होतं. आप्पांना विचारावं म्हणून वळलो.

ते झोपले होते. उजवा हात मांडीवर उपडा पडला होता, तोंड थोडं उघडं, मान दाराकडे कललेली. शेजारून ट्रक जात होते, गाडी हलत होती, त्यांना काही कळत नव्हतं. मी त्यांची सीट हळूच मागे केली, उन्हाच्या बाजूला खिडकीवरच्या हँडलला माझा रुमाल अडकवला आणि चौगुल्यांचा माणूस येईपर्यंत जागा राहिलो.